बर्फातून आलेली आई

कामावरून घरी आले की मी बाळीला आधी घ्यायची नाही. आधी चप्पल काढायची, मग गॅस पेटवायचा, तवा ठेवायचा आणि तव्यावर दोन्ही हात धरायचे, उलटे-सुलटे, उलटे-सुलटे, पापड भाजतात तसे. तिकडे बाळी अक्काच्या कडेवरून माझ्याकडे झेपावतेय, ओरडतेय, तोंड लालबुंद, आणि मी इकडे तव्यापुढे उभी. अक्का म्हणजे शेजारच्या खोलीतली कानडी बाई. आठ महिन्यांची बाळी दिवसभर तिच्याकडेच असायची. अक्काला मराठी येत नाही, मला कानडी अर्धीमुर्धी येते, तरी आमचं सगळं बोलणं होतं. ती म्हणायची, घे की गं, घसा बसला पोरीचा. मी म्हणायची, स्वल्प थांब अक्का, स्वल्प. मग फडक्यात ओवा बांधून तव्यावर गरम करायचा, छातीला शेक द्यायचा, पहिलं दूध मोरीत पिळून टाकायचं, आणि मग बाळीला घ्यायचं. तोपर्यंत ती रडून दमलेली असायची. हुंदके देत देत प्यायची.

हे सगळं कशासाठी तर मी बर्फातून यायची म्हणून.

बंगळुरात कुठला बर्फ, असं गावाकडं सगळे विचारतात. जे. पी. नगरकडं एक मॉल आहे, त्याच्या तिसऱ्या मजल्यावर बर्फाचा हॉल आहे. मशीननं बर्फ करतात. लोक तिकीट काढून आत जातात, ओरडतात, फोटो काढतात, अर्ध्या तासानं नाक पुसत बाहेर येतात. मी बाहेरच्या काउंटरवर. कोट द्यायचा, जाड बूट द्यायचे, हातमोजे द्यायचे, परत आले की ओले बूट गरम हवेच्या मशीनवर उपडे घालायचे, नंबराप्रमाणे जोड्या लावायच्या. आठवीत शाळा सुटली माझी, पण नंबर वाचायला तेवढं पुरतं. आमचे हे शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्या म्हणून भाग आहे तिथं, लेथवर काम करतात, आम्ही तिथंच जवळ राहतो. पीण्याहून जे. पी. नगरला एकच मेट्रो जाते, बदलायची नाही, म्हणून हे म्हणाले की कर काम. गाडी बदलायची असती तर मी गेलेच नसते. मी भित्री आहे मुळात. त्या मॉलमध्ये जिना आपोआप चालतो ना, त्यावर मी पहिला महिनाभर पाय ठेवला नाही, मागच्या जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर चढत होते, धापा टाकत.

आणि सगळ्यात जास्त भीती सासूबाईंच्या त्या वाक्याची. त्यांना मी आत्ती म्हणते. बाळंतपण त्यांनीच केलं, मायेनं केलं, चाळीस दिवस मला गार पाण्यात बोटसुद्धा बुडवू दिलं नाही. गावी परत जाताना दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बघ हं, अंगावर पाजतेस. तू गार तर दूध गार. दूध गार तर पोरीच्या छातीत कफ. मला इथनं काय दिसणार नाही, तुझं तूच बघ." मी हो म्हटलं, आणि पाच महिन्यांनी बर्फाच्या हॉलात कामाला लागले. त्यांना सांगितलं चपलांच्या दुकानात आहे. बूटच देते की, अगदीच खोटं नाही, असं मनाला समजावलं.

तरी सुरुवातीला मी आत जात नव्हते. आत जायचं कारणच नव्हतं. ते कारण फौजी मामानं काढलं.

फौजी मामा म्हणजे आमचा दारावरचा वॉचमन. बेळगावकडचा, फौजेतून रिटायर झालेला, मिशा पांढऱ्या. तरुणपणी कुठं कुठं डोंगरावर बर्फात राहिलेला. त्या हॉलात खरा बर्फ बघितलेला माणूस तो एकटाच. म्हणून दुपारी साडेचारला, माझी पाळी संपते तेव्हा, हॉल अर्धा तास बंद ठेवतात आणि दाबला गेलेला बर्फ दाताळ्यानं मोकळा करतात, ते काम मॅडमनी त्याच्यावरच टाकलेलं. मॅडम म्हणजे आमच्या हॉलच्या मॅनेजर, पुण्याच्या, माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठ्या असतील.

एक दिवस मामा म्हणाला, "पोरी, दुसरं दाताळं धर की जरा. कंबर गेली माझी."

"आत?"

"मग काय बर्फ बाहेर आणू?"

"मला भीती वाटते मामा."

"वाघ नाही आत. प्लास्टिकचं अस्वल आहे एक, त्याचापण एक कान तुटलाय."

मी गेले. दार मागं बंद झालं आणि माझा श्वास माझ्या तोंडासमोर पांढरा दिसला. मला वाटलं जीव चालला. खरंच. मी तोंड दाबून धरलं, आत घ्यायला बघितलं तो श्वास. मामा एवढा हसला की त्याला दाताळ्यावर टेकावं लागलं.

भिंतीवर शोभेला लाकडी पट्ट्यांच्या दोन जोड्या टांगलेल्या होत्या, लांबच लांब, पुढं वर वळलेल्या, आणि दोन काठ्या. लोक त्यांच्यासमोर फोटो काढायचे. डिसेंबरात एका सोमवारी, गर्दी नव्हती, बर्फ मोकळा करून झाला, मामानं मॅडमना विचारलं आणि त्यातली एक जोडी खाली उतरवली. बुटाला बांधली. आणि चालायला लागला. चालायला म्हणजे काय सांगू, तो म्हातारा माणूस एरवी गुडघे धरून उठतो, तो त्या पट्ट्यांवर असा सरकत गेला की आवाजसुद्धा फक्त सूं असा. हॉलच्या त्या टोकाला जाऊन वळला, परत आला. चेहरा वेगळाच झालेला.

मॅडम म्हणाल्या, "ओ माय गॉड मामा, तुम्ही तर प्रो आहात! पण इथे उतार कुठाय?"

"उतार कशाला, ताई. ह्याच्यावर सपाट जागी चालतात. मैलोन्मैल. गावाहून गावाला जातात." मग माझ्याकडं बघून, "ये. तुझा नंबर."

मी नाही नाही म्हटलं आणि गेले. पडले. परत पडले. मामा सांगतोय, पाय उचलू नको, उचललास की पडलीस, ढकल, एक ढकल मग दुसरा ढकल. तिसऱ्या दिवशी काय झालं कोण जाणे, माझ्या पायांना एकदम ओळख पटली. बाळीच्या वेळी सातव्या महिन्यात मला वाकता येत नव्हतं ना, तेव्हा मी ह्यांच्या जुन्या पँटचे दोन तुकडे करून दोन पायांखाली घ्यायची आणि सगळी खोली पायानं पुसायची, सरक सरक, भिंतीपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. तेच की हे! मी ढकललं आणि गेले. त्या टोकापर्यंत गेले. न पडता.

मामा बघतच राहिला. "कुठं शिकलीस गं?"

"फरशी पुसताना."

"आयला," मामा म्हणाला. "आम्हाला सहा आठवडे लागले होते. उस्ताद शिव्या घालून घालून थकला."

तेव्हापासून माझं ते रोजचं झालं. पाळी संपली, सही केली, कोट चढवला, आधी मामाबरोबर दाताळं ओढायचं आणि मग पंधरा मिनिटं माझी. टोकापासून टोकापर्यंत अडतीस ढकलण्या. पहिले काही दिवस मोजायची, मग मोजणं सुटलं. आत गाणं बंद असायचं, माणसं नसायची, कोणी मला हाक मारत नव्हतं, कोणाला बूट नको होते, कोणी रडत नव्हतं. फक्त ते सूं आणि माझा पांढरा श्वास, आणि आता त्याची भीती नव्हती, उलट मी मुद्दाम मोठा सोडायची आणि त्याच्यातून जायची. बाळी झाल्यापासून माझं अंग माझं वाटतच नव्हतं, दूध, पोट, कंबर, सगळं कोणाच्या तरी कामाचं. त्या पंधरा मिनिटांत पाय माझे होते.

मागच्या कोपऱ्यात, जिथं मशीन नवा बर्फ टाकतं, तिथं पट्ट्या चालायच्या नाहीत. बर्फ भुसभुशीत, गुडघ्यापर्यंत पाय आत. मामा म्हणाला तिथं चालायला जाळीचे बूट लागतात, पसरट, सुपाएवढे. दुसऱ्या दिवशी स्वारी चिकपेटच्या बाजारात उतरून खरोखरची दोन बांबूची सुपं घेऊन आली. खाली बसून दोरी ओवायला लागला. म्हणाला, दे पाय.

मी चार पावलं मागं. "सुपाला पाय लावू?"

"नवीन आहे गं, धान्य लागलेलं नाही अजून."

"मामा, माझ्या बाळीला बारशाला सुपात घातलं होतं."

मामाचे हात थांबले. मग त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "खरंच की गं. तुझी मामी घरात घेणार नाही मला." मॅडम विचारत होत्या, काय झालं, काय झालं, सूपला काय प्रॉब्लेम आहे, आणि आम्ही दोघं हसत बसलो. मामानं दोरी सोडली, सुपाला हात लावून कपाळाला लावला आणि एक सूप मला दिलं, घरी वापर म्हणून. मेट्रोत मी सूप मांडीवर घेऊन बसले होते. चिकपेटला गाडी जमिनीखाली असते, काचेत सगळं दिसतं, तर काचेत मी आणि सूप, आणि मी हसतेय. असं स्वतःला हसताना मी किती महिन्यांनी बघितलं.

जानेवारीत बाळीला सर्दी झाली.

आधी नाक, मग खोकला, मग छातीत घरघर. हात ठेवला की तळव्याला कळायची ती घरघर, मांजर गुरगुरतं तशी. त्याच आठवड्यात आमचे हे पण शिंकत होते, कारखान्यात सगळ्यांना झाली होती, पण तेव्हा ते माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या डोक्यात एकच, तू गार तर दूध गार. आणि नुसतं कामाचं गार असतं तर एक वेळ चाललं असतं, कामाला काय, पोटासाठी करतो माणूस, देव बघतो. पण मी मजा करत होते. कामाचा गारठा बाधला नसता, मजेचा बाधला, असंच मला वाटलं. डॉक्टरीणबाईंनी बाळीला तपासलं, नाकात घालायचे थेंब दिले, म्हणाल्या घाबरू नका, अंगावर पाजत राहा. त्यांना बर्फाचं सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. लाज वाटली.

आत जायचं बंद केलं मी. मामा म्हणाला, का गं, तर म्हटलं अंग दुखतंय. आणि संध्याकाळचं पाजणंसुद्धा बंद केलं. काउंटरवरसुद्धा दार उघडलं की गार झोत येतोच ना अंगावर. म्हटलं हे दूधच नको, सकाळचं तेवढं द्यायचं, रात्रभर पांघरुणात राहून गरम झालेलं असतं ते. संध्याकाळी वाटीचमच्यानं गाईचं दूध, नाचणीची पेज. बाळी तोंड फिरवायची. माझ्या गाऊनच्या गळ्यात हात घालायची, मी हात काढून घ्यायची. अक्का नुसती माझ्याकडं बघायची. तीन दिवस असं. तिसऱ्या रात्री माझी छाती दगड झाली. गाठी आल्या, हात वर होईना, अंगात कणकण. हे म्हणाले उद्या सुट्टी घे. मी म्हटलं नको, घरी राहिले तर बाळी मागत बसेल.

दुसऱ्या दिवशी साडेचारला हॉल रिकामा करताना एक बाई बाहेर आली, कडेवर मूल, आमच्या बाळीएवढंच, थंडीनं किंचाळत होतं. मी त्याचे छोटे बूट काढत होते आणि माझं दूध आलं. ते सांगून येत नाही. दुखतंय असं की डोळ्यांसमोर अंधार, आणि कुडता ओला. बाथरूम लांब, त्या टोकाला, मधे सगळा मॉल. मी कोट ओढला आणि सरळ हॉलमध्ये घुसले. मामा दाताळं आणायला गेलेला. आत लहान मुलांसाठी एक पांढरं बर्फाचं घर केलंय, फायबरचं, वाकून आत जायचं. तिथं कॅमेरा नाही. मी त्यात जाऊन बसले, गुडघ्यांवर, आणि पिळायला लागले, खाली बर्फावरच. म्हटलं गारच झालंय ना, मग गारातच जाऊ दे. रडत होते मी, दुखत होतं म्हणून, आणि बाळीच्या वाटचं सांडत होतं म्हणून.

आणि मग बघितलं.

बर्फावर दूध पडत होतं तिथं वाफ येत होती. थोडीशी, चहाच्या कपावर येते तशी. आणि बर्फ खाली खाली चालला होता. एक खड्डा पडला, बोट जाईल एवढा, मग अजून खोल. माझे हात निळे पडलेले, बोटं मला माझी वाटत नव्हती, नाक बधिर, आणि त्या असल्या गार अंगातून जे येत होतं ते बर्फ वितळवत होतं. मी पिळायचं थांबवलं. त्या खड्ड्यात बोट घातलं. मग एक धार हातावर घेतली, मनगटावर, बाळीची पेज बघतो तशी. गरम. कोमट नाही हो, गरम. माझ्या हाताला चटकाच बसल्यासारखं झालं.

बाहेरून मामाचा आवाज, "कोण आहे गं आत?"

"मी आहे मामा. येऊ नका."

दाताळं टेकवल्याचा आवाज. मग, "रडतेस काय?"

"नाही," मी म्हटलं. "आता नाही."

मामा वळला. त्या घरापासून लांब, पार त्या टोकाला जाऊन दाताळं ओढत राहिला, मी बाहेर येईपर्यंत.

मेट्रोत त्या दिवशी मला बसवत नव्हतं. जागा होती तरी दारापाशी उभी राहिले. घरी धावत आले, जिना धावत चढले, अक्काच्या दारात उभी राहून हात पुढं केले, तसेच, गारेगार. अक्कानं बाळी दिली नाही आधी. आमच्या बंद दाराकडं बघितलं आणि म्हणाली, "इवत्तु तवा इल्ला?" म्हणजे आज तवा नाही का?

"इल्ला अक्का. तवा नको."

"सरी," म्हणजे बरं, असं म्हणून तिनं बाळीला माझ्या हातात सोडलं. बाळी गार हातांनी दचकली, माझ्याकडं बघितलं, मग तोंड खुपसलं. नाक चोंदलेलं, मधे मधे सोडून श्वास घ्यायची, परत धरायची. घरघर होतीच, ती जायला अजून पाच-सहा दिवस लागले. पण ती पीत होती आणि दगड हळूहळू मऊ होत होता, आणि मी दाराला टेकून तिथंच खाली बसले, पायात चप्पल तशीच.

रात्री जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. चपलांचं दुकान आत्तींना सांगितलेलं त्यांना माहीत होतं, पण पट्ट्यांचं माहीत नव्हतं. घास हातातच राहिला त्यांचा.

"म्हणजे तू रोज घसरगुंडी खेळतेस?"

"घसरगुंडी नाही हो. सपाटीवर असतं ते. चालायचं असतं."

"चालायला पट्ट्या कशाला?"

मी उठले, मोरीवरचे फरशी पुसायचे ते दोन तुकडे आणले, पायांखाली घेतले आणि करून दाखवलं. आमची खोली केवढी, सात-आठ ढकलण्यांत संपते. गॅसपासून कपाटापर्यंत, कपाटापासून दारापर्यंत. बाळी सुपात बसली होती, मामाच्या त्याच सुपात, हल्ली तिला त्यातच बसायला आवडतं, ती मान वळवून वळवून बघत होती. मग तिनं दोन्ही हातांनी सुपावर थाप मारली आणि खोकत खोकत हसली.

हे म्हणाले, "ती माझी निळी पँट आहे ना?"

"होय."

"मी अख्ख्या कपाटात शोधली होती ती."

एवढंच. मला वाटलं रागावले. आठ दिवसांनी कारखान्यातून आले ते पिशवीत काहीतरी घेऊन. दोन गोल जाळ्या, ॲल्युमिनियमच्या, उरलेल्या पत्र्याच्या, सुपाएवढ्याच, कडेला पट्टी वाकवून बसवलेली, वर बुटासाठी पट्टे. मी कडेवरून बोट फिरवलं. कुठं कापत नव्हतं. सगळी कड कानशीनं घासून गोल केलेली होती. म्हणाले, "मालकानं विचारलं काय करतोस. म्हटलं बायकोचे बूट." आणि कानापर्यंत लाल झाले.

मामानं ते बूट हातात घेऊन उलटेपालटे बघितले आणि पोट आत घेऊन ताठ उभा राहून सॅल्यूट ठोकला, बुटांना. मॅडमनी व्हिडिओ काढला. मी मागच्या कोपऱ्यात गेले, नव्या बर्फावर, पाय ठेवला, डोळे मिटले. बुडाले नाही. दुसरा ठेवला. बुडाले नाही. पाय लांब लांब टाकावे लागतात, बदकासारखं दिसतं, मामा म्हणाला अशीच आमची अख्खी पलटण चालायची. मागं वळून बघितलं तर माझी पावलं एवढी मोठी मोठी, कोणा धिप्पाड बाईची वाटावीत अशी.

परवा आत्तींचा फोन आला. मी नुकतीच येऊन बाळीला घेऊन बसले होते.

"पिते का गं नीट?"

"पितेय आत्ती. आत्तापण पितेय."

"तिकडं थंडी आहे म्हणे. दूध गरम आहे ना तुझं?"

एक दिवस त्यांना सगळं सांगायचंय. त्या इकडं आल्या की सांगेन, हॉलात नेऊन दाखवेन, माझ्या बुटांसकट. फोनवर धाडस होत नाही, अजून भितेच मी.

"गरम आहे आत्ती," मी म्हटलं. "मी बघितलंय."

बाळीनं माझं एक बोट मुठीत धरलं होतं. ते अजून गारच होतं. ती सोडत नव्हती.